किंग्स्टन ब्लॅकच्या कलमकाड्या

प्रिय थर्झा,

तुझा निरोप मिळाला. नावा बांधायचं काम सोडून तू कायमची घरी येतेस, बाबांची सफरचंदाची झाडं परक्याच्या हाती जाऊ देणार नाहीस म्हणतेस. उत्तराला उशीर झाला, कारण हल्ली टेकलं की डोळा लागतो. तुझे बाबा गेल्यावरचा पहिला हंगाम एकटीने काढला. गुडघ्यांना पोतं बांधून ओल्या गवतात सफरचंदं वेचली. आता मार्च आला तरी ते गुडघे माझं ऐकत नाहीत.

आपल्या किंग्स्टन ब्लॅक सफरचंदाचे नखरे तुला ठाऊकच आहेत. एक वर्ष फळ धरायचं, दुसऱ्या वर्षी रुसायचं, आणि बुंध्याची साल सडायची ती वेगळीच. खायला घ्यावं तर तोंड वाकडं. पण बाबांना त्या काळपट तांबड्या फळापुढे काही दिसत नसे. लोक चार जातींचा रस एकत्र आंबवून सायडर करतात, यांची एकाच फळाची. ढिगातलं फळ मऊ होऊन त्यात अंगठा रुतेस्तोवर रसाच्या गिरणीला हात लावू द्यायचे नाहीत, आणि एकदा रुतला की मग थांबायचे नाहीत. माझी बहीण वारली तेव्हा ढीग तयार होता, म्हणून तिच्या मातीला मी एकटी गेले. त्याचा राग मला अजून आहे.

शेजारचा हेडली दर हिवाळ्यात कुंपणाशी येऊन काड्या मागायचा. "रूबेन, तुझे बुंधे सडके. माझ्या धडधाकट झाडांवर कलम बांधू दे, नातवंडं तरी पितील." बाबांचं उत्तर ठरलेलं, "आधी तुझी सायडर तुझ्या मेंढ्यांच्या गोचिडांना पाज. मेले तर ये बोलायला." दोघं पोट धरून हसायचे, पण काडी काही मिळायची नाही.

या जानेवारीत मी चांगल्या काड्या छाटल्या आणि स्वतः त्याच्या दारात नेऊन दिल्या. बिचारा टोपी काढून उभाच राहिला. म्हणाला, "लेटी, रूबेन कबरीतून उठून येईल गं अंगावर." म्हटलं, "येऊ दे. वेचायला दोन हात तरी मिळतील." गेल्या आठवड्यात त्याने कलमं बांधली. आपली झाडं परवा पाडली. जमिनीत आता त्याच्या मेंढ्या चरतील.

रागावशील, रागाव. पण खरं सांगते, घर मला खायला उठतं. तू यावंस असं मला फार वाटतं, इतकं की झाडं उभी असती तर त्यांचं निमित्त करून मी तुला बोलावलंच असतं, आणि माझं आयुष्य गेलं तसं तुझंही त्या ढिगांपाशी गेलं असतं. म्हणून ते निमित्तच मी पाडून टाकलं. काम सोडू नकोस, थर्झा. उन्हाळ्यात चार दिवस ये, आणि मी कितीही थांबवलं तरी परत जा.

तुझीच,
दमलेली आई