लाल कोबी आणि न केलेला आग्रह

आई,

आज लाल कोबी चिरायला घेतला आणि मधोमध कापून तसाच ठेवून दिला. पांढऱ्या-जांभळ्या रेघा एकमेकींत वळत, दुमडत पार देठापर्यंत गेल्या होत्या. मी सुरी हातात धरून बघत राहिले. ह्यांनी डोकावून विचारलं, "काय गं, बोट कापलंस की काय?" मी म्हटलं, "नाही हो, बघतेय." "काय, कोबी?" "हो, कोबी." ते हसून पेपर वाचायला गेले. तू असतीस तर शेजारी येऊन उभी राहिली असतीस. खरं तर तूच मला हाक मारून तो दाखवला असतास, आणि मी आलेच नसते.

तू आमच्याकडे इंग्लंडला, साउथहॅम्प्टनला आलीस ती बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात. माझ्या मनात एकच होतं, तू इथेच राहावंस. तसं तुला बोलले नव्हते. आधी तुला हा देश आवडू दे, मग विषय काढू, असा माझा बेत. म्हणून दर शनिवारी तुला गाडीत घालून कुठे ना कुठे नेत होते. राजवाडे झाले, किल्ले झाले, मोठमोठी चर्चेस झाली. जगभरातून लोक बघायला येतात ते माळावरचे उभे दगड बघून तू जावयाला म्हणालीस, "एवढं तिकीट काढून दगड? आमच्या डोंगरावर चला की, वर बसायलाही मिळतं." ह्यांना हसू आवरेना, मी मात्र मनातून खट्टू झाले. प्रत्येक ठिकाणी तू "छान आहे हो" म्हणायचीस आणि घरी आलं की खिडकीशी बसून बंदरावरच्या क्रेन बघत राहायचीस. "संध्याकाळी त्या पाणी प्यायला वाकल्यासारख्या दिसतात," म्हणायचीस. मला त्या खिडकीची लाज वाटायची. घर घेताना वाटलं होतं तिथून समुद्र दिसेल, आणि दिसले कंटेनर.

तुझं लक्ष असायचं भलतीकडेच. इथे बसमधून उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, हे तू मला सांगितलंस, आणि तेही अशा कौतुकाने, की जणू मी कालच या देशात आले असावे. मग तूही म्हणायला लागलीस. एकदा एका ड्रायव्हरने तुला "चीअर्स, लव्ह" म्हटलं, त्याचा अर्थ तू घरी येऊन विचारलास. "थँक्यू, लाडके" असा तो, हे कळल्यावर पदर तोंडाला लावून हसलीस, "अगोबाई, या वयात!" मी तेव्हा ओव्हनमधून ट्रे काढत होते. माझी पाठ तुझ्याकडे होती. तुझं ते हसणं मी ऐकलं फक्त.

आणि ती सकाळ. गाडीच्या काचेवर हिम धरलेलं, मी कामावर निघालेली, हातात स्क्रेपर. तू शाल गुंडाळून दारात येतेस आणि म्हणतेस, "थांब, थांब, खरवडू नकोस. बघ ना, नेच्याची पानं उमटलीत. शिरा न् शिरा दिसतेय."

"आई, उशीर होतोय. लॅबमध्ये सॅम्पल्स येऊन पडली असतील."

"एकदाच बघ."

"बघितलं."

आणि मी काच साफ करते. तू रागावत नाहीस. "लहानपणी तू अशी नव्हतीस गं," एवढं म्हणून आत जातेस. तुझं रागावणं नेहमी असंच असायचं, आवाज खाली आणून.

त्याच आठवड्यात जेवताना तू म्हणालीस, "मला आता परत पाठव. घर बंद आहे, तुळस वाळून गेली असेल." मी विचारलं, "नक्की जायचंय तुला?" तू म्हणालीस, "हो बाई. लेकीकडे राहायचं तरी किती?" मी म्हटलं, "बरं. तुझी इच्छा."

आपल्या घरात पहिलं "नको" कधी कोणी खरं धरलं नाही. पंगतीत पाहुणा पानावर हात आडवा धरायचा आणि तू त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायचीस. तो "अहो वहिनी, पुरे, पुरे" म्हणत खायचा आणि मग जाताना जेवणाची तारीफ करायचा. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर नेमकं उलट शिकवायच्या. समोरचा "नो, थँक्यू" म्हणाला की पुन्हा विचारू नये, तो त्याचा अपमान. मी दोन्ही शिकले होते. पण इतकी वर्षं या देशात काढली आणि सिस्टरांचं तेवढं अंगात मुरलं. त्या दिवशी तू पानावर हात आडवा धरलास, आणि मी सभ्यपणे पुढच्या पानाकडे वळले.

तू परत गेल्याला वर्षही झालं नव्हतं तोच तिकडून तो फोन आला, तू आम्हाला सोडून गेल्याचा. तू घराच्या ओढीने गेलीस, की मी "नको जाऊस" म्हणायची वाट बघत होतीस, हे आता कळायला मार्ग नाही. मी रिटायर झालेय. सकाळी कुठे पोचायचं नसतं, त्यामुळे पुष्कळ काही दिसतं. बसस्टॉपवर सांडलेल्या डिझेलवरचे रंग दिसतात. कपडे धुवायच्या दुकानात, लाँड्रेटमध्ये, मशीनच्या काचेआड कुणाची तरी पिवळी चादर गरगर फिरताना दिसते. असं काही दिसलं की दिवस बरा जातो, आणि दाखवायला मान वळवली की बाजूला कोणी नसतं. स्वतःशी खोटं कशाला बोलू? तू राहिली असतीस, तर तू दाखवत राहिली असतीस आणि मी "बघितलं, बघितलं" म्हणत राहिले असते.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? आपल्या घरात आता दुसरी माणसं राहतात. पण एक सांगून टाकते. तू परत पाठव म्हणालीस त्यानंतर मी कॉम्प्युटरवर विमानाची तिकिटं बघत बसले होते, आठवतं? मी म्हटलं, जवळच्या तारखांना जागाच नाहीत, महिनाभर थांबावं लागेल. तू म्हणालीस, "असू दे, मला कसली घाई," आणि उठून मटकी भिजत घातलीस.

जागा होत्या, आई. त्याच आठवड्यातही होत्या. तो महिना मी खोटं बोलून ठेवून घेतला, आणि त्यातलेही बहुतेक दिवस मी ड्यूटीवरच होते.