बियाण्याची हळद

तिरुवैयारु,
२२ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास, सतीशकुमारचा सा. न. वि. वि.

रागात असताना पत्र लिहायचं नाही ही तुझी अट, म्हणून विहिरीवर दोन बादल्या डोक्यावर ओतून मग लिहायला बसलो आहे. आज खरं तर राग नाहीच. आज सांबा हंगामाच्या भाताचं बियाणं भिजवलं.

मामांनी मला एक मा जमीन दिली आहे, म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा, तोही कालव्याच्या शेवटाकडचा. पोटॅश आणि डीएपीचे भाव सरकारनं मोकळे सोडल्यापासून सीतारामराव मामा बाकी सगळ्या रानात नुसता युरिया ओततात. माझ्या तुकड्यात युरिया निम्मा आणि बाकीचं काम हरिताच्या पाकिटांचं. हरिता कोण ते तू विचारणार नाहीस, कारण मागच्या तीन पत्रांत मी दुसरं काही लिहिलेलं नाही असं तूच म्हणतेस.

ती कॉलेजात राहिली, मी सोडलं. शेवटच्या वर्षाला तिनं भाताच्या मुळांभोवती राहणाऱ्या जिवाणूंवर काम घेतलं आहे. नाव अ‍ॅझोस्पिरिलम. डोळ्यांना दिसत नाहीत. मुळांतून जी साखर पाझरते त्यावर जगतात आणि बदल्यात हवेतला नत्र धरून देतात, शिवाय मुळांना जास्त फाटे फुटतात. ही तिची वाक्यं आहेत, माझी नाहीत. पाकिटात ते लिग्नाइट कोळशाच्या पुडीत असतात, म्हणून सगळं काळं दिसतं. भाताची पेज पूर्ण गार करून तीत पूड कालवली, बियाण्याला चोळली, सावलीत गोणपाटावर पसरली. शेषम्मा मामी दारातून बघत होती. बियाण्याला काळं लावायचं का, एवढंच म्हणाली आणि आत गेली. उद्या सकाळी पेरायचं.

हरिताच्या घरी बेंगळूरचं स्थळ आलं आहे, कॉम्प्युटरवाला. तिनं मला सांगितलं आहे की पेरणीपासून कापणीपर्यंत एक गोष्ट न भांडता, न सोडता करून दाखव, तोवर मी घरच्यांना थांबवते. तिचा अभ्यासही याच तुकड्यावर आहे. म्हणजे पीक आलं तर दोघांचं आणि गेलं तरी दोघांचं.

दाजींना नमस्कार. लोभ पूर्वीसारखाच ठेव, उपदेश थोडा कमी कर.

तुझा,
सतीश

---

नागपूर,
१ सप्टेंबर १९९४

चि. सतीशला कमलाक्षीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं अक्षर पाहून हे म्हणाले की हा मुलगा डॉक्टर झाला असता. मी म्हटलं, डॉक्टरकीही मधेच सोडली असती.

इथे शेजारच्या बाई माझं तमिळ मुलखातलं जुनं मराठी ऐकून मला जुन्या नाटकातली समजतात. मी भाजीवालीशी बोलले की दोघीतिघी थांबून ऐकतात. सवय होते आहे.

तुझ्या जिवाणूंबद्दल मला फार कळलं नाही. पण जे न दिसता काम करतात आणि बोलत नाहीत, अशांच्या संगतीत तू थोडे दिवस राहावंस हे मला आवडलं. कॉलेजातल्या ज्या मास्तरांच्या टेबलावर तू वही आपटून बाहेर पडलास ते बोलणारे होते, हाच त्यांचा दोष होता. हरिताची अट मला पटली. बाबा असते तर त्यांनीही हीच घातली असती.

मामीला माझा नमस्कार सांग. तिला मुलं नाहीत, म्हणून ती आपल्या दोघांना जास्तच जपते. उलट बोलू नकोस.

आशीर्वाद आहेतच, त्यांचा उपयोग करून घे.

तुझी,
अक्का

---

तिरुवैयारु,
१२ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आज विहिरीवर गेलो नाही. तसंच लिहितो.

तरव्याचे, म्हणजे लावणीच्या रोपांचे, दोन वाफे शेजारी शेजारी होते. एकात पाकिटाचं बियाणं, दुसऱ्यात साधं. हरितानं सांगितलं होतं की अडीच-तीन आठवड्यांनी दोन्हींतली रोपं उपटून मुळं पाण्यात धुवून बघायची, पाकिटाच्या रोपाला दाट पांढरी मुळं दिसतील. मी बघितली. दोन्ही सारखी. मामांना दाखवली, त्यांनी चष्मा पुसून बघितली. म्हणाले, यात तुझं कुठलं आणि माझं कुठलं ते तूच सांग. रानातले गडी हसले. मामा हसले नाहीत, ते जास्त लागलं.

मी त्याच दुपारी हरिताला पत्र टाकलं. लिहिलं की तुझ्या पाकिटात कोळशाच्या पुडीशिवाय काही नव्हतं. लिहिलं की बेंगळूरला जायचं आधीच ठरवलं असशील तर सरळ सांगायचं होतं, त्यासाठी माझ्या गळ्यात मेलेली पाकिटं बांधायची गरज नव्हती. आणखीही लिहिलं, ते तुला लिहीत नाही. पेटीत टाकल्यावर पोस्टमन यायची वाट पाहत थांबलो, परत मागून घ्यावं म्हणून. तो आला तेव्हा मागितलं नाही.

लावणी महिनाअखेरीस आहे. माझ्या तुकड्यातही बाकीसारखाच युरिया टाका असं मी मामांना सांगितलं आहे. गोणी अंगणात येऊन पडली आहे.

तुझा लोभ राहू दे, निदान एका ठिकाणी तरी.

सतीश

---

नागपूर,
१९ सप्टेंबर १९९४

चि. सतीशला आशीर्वाद.

हे पत्र वाचण्याआधी एक तांब्याभर पाणी पी.

चतुर्थीला मामीनं एसटीडी बूथवरून फोन केला होता. बाहेर रांग होती, म्हणून घाईत पण फार खुशीत बोलली. म्हणाली, सतीशच्या मनातली मुलगी मोठी गुणी दिसते, बियाणं पाठवलं. मी म्हटलं बियाणं नाही, औषध. ती म्हणाली तेच ते. मग म्हणाली की ते सगळं काळं करून ठेवलं होतंस, शुभाच्या पहिल्या कामाला काळं बियाणं रानात कसं जाऊ द्यायचं. म्हणून तू उठायच्या आत तिनं ते परातीत घेऊन स्वच्छ धुतलं आणि हळद चोळली. माझ्या लग्नाच्या वर्षीही पेरणीच्या बियाण्याला तिनंच हळद लावली होती, तेव्हा तू लहान होतास. पेरताना तुला पिवळं दिसलं नाही का? की पत्र काय लिहायचं याचाच विचार चालला होता?

मी तेव्हा हसले. तुझं पत्र आल्यावर हसू गेलं.

हळदीनं जखम पिकत नाही. कारण ज्यानं ती पिकते ते हळदीनं मरतं, इतकं मलाही कळतं. तुझे जिवाणू आधी मोरीत गेले, उरले ते हळदीत. हरिताच्या पाकिटांत काही खोट नव्हती.

आता तीन गोष्टी. मामीला एक शब्द बोलायचा नाही. तिनं ते बियाणं सुनेचं समजून केलं आहे. गोणी फोडू देऊ नकोस. आणि हरिताला आज लिही. क्षमा वगैरे लांबलचक मागू नकोस, झालं तेवढं लिही.

काळजीत असलेली,
अक्का

---

तिरुवैयारु,
२ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास, सतीशकुमारचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी विहिरीत उतरूनच बसलो होतो. मग हरिताला चार ओळी लिहिल्या. मामीनं काळं धुऊन हळद लावली, मला माहीत नव्हतं, पहिलं पत्र फाडून टाक, एवढंच. पेरताना बियाणं मी नीट बघितलंच नव्हतं, तू म्हणतेस तेच खरं.

उत्तर कार्डावर आलं. तुझ्या पाकिटांच्या खेपेतलीच दुसरी पाकिटं प्रयोगशाळेत तपासली, जिवाणू जिवंत आहेत. पहिलं पत्र फाडलेलं नाही, ठेवलं आहे. बियाणं गेलं तरी लावणीच्या वेळी मुळं बुडवता येतात. युरिया थांबव. मी येते.

काल आली. शहरातल्या राजवाड्याकडच्या घरून पहिल्या बसनं, पिशवीत दोन पाकिटं ओल्या फडक्यात गुंडाळून. माझ्याशी कामापुरतं बोलली. बांधाजवळ खड्डा काढायला लावला, त्यात प्लास्टिक अंथरलं, पाणी ओतलं, पूड कालवली. बायका तरव्याच्या मुठी आणून देत होत्या आणि ती एकेक मूठ मुळांकडून त्या काळ्या पाण्यात उभी करत होती. कोपरापर्यंत काळी झाली होती. मामा बांधावर छत्री धरून उभे होते.

मग मामी आली. एका हातात कॉफीचा कूजा, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेली वाटी. मला वाटीत काय ते न बघता कळलं. तिनं खड्ड्यातलं काळं पाणी बघितलं, त्यातली रोपं बघितली, आणि खाली वाकली. अक्का, माझ्या तोंडाशी शब्द आले होते. तुझी शपथ, गिळले.

हरिता उठली. काळे हात अंगापासून लांब धरून तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"मामी, हळद लावायचीच असेल तर मला लावा. मुळांना नको."

लावणीच्या बायका वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या. मग मामीनं कूजा बांधावर ठेवला, बोटं हळदीत बुडवली आणि हरिताच्या दोन्ही गालांना लावली, घरी नवरीला लावतात तशी, कानापर्यंत. हरितानं डोळे मिटून घेतले होते. हात तसेच लांब होते.

मामांनी बांधावरून विचारलं की तुला कापणीपर्यंत असंच उभं राहायचं आहे की मुठी उचलणार आहेस. तेव्हा उचलल्या.

मुळांचं काय होतं ते कापणीला कळेल, मी पत्रात पुढचं सांगत नाही. हरितानं जाताना एवढंच सांगितलं की ते पहिलं पत्र ती जपून ठेवणार आहे, पुढे कधी मी ओरडलो तर वाचून दाखवायला. परवा मामा तिच्या वडिलांकडे बोलणी करायला जाणार आहेत. युरिया आधी ठरल्याप्रमाणे निम्माच, म्हणून निम्मी गोणी मी स्वतः खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावलं.

तुझा लोभ आहे तेवढाच राहो. आता मात्र दोघांत वाटावा लागेल.

तुझा,
सतीश