पाकिटावरचं अक्षर

आबा, या उन्हाळ्यात आम्ही दोघं जबलपूरला जाऊन आलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वैशाखात कोण जातं तिकडं? डोकं फिरलंय का?" फिरलंच होतं. तुमचे जावई रिटायर झाल्यापासून त्यांना एकच ध्यास लागलाय, जुन्या माणसांना भेटून यायचं. आधी सोलापूर झालं, मग बेळगाव, तिथं त्यांचे कॉलेजातले मित्र. मी मजेत होते. जबलपूरचं नाव निघालं तेव्हा मात्र मी नको म्हटलं. कारण तिथं राहते ती नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या कॉलनीतली आमची शेजारीण. भिंतीला भिंत लागून आठ वर्षं काढली आम्ही, दोघींचे नवरे एकाच ऑफिसात, तिची मुलगी माझ्या हातचा वरणभात खाऊन मोठी झाली. आणि मग सव्वीस वर्षं एक शब्द नाही. का, ते तुम्हाला मी काय सांगू?

फोन तिनंच केला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "या की दोघं, आता असे किती उन्हाळे राहिलेत आपले?" म्हणाली. हे लगेच विरघळले. मी नाही. सव्वीस वर्षांनी कुणी उगाच आमरस खायला बोलावत नाही, आबा, हे तुमच्याकडूनच शिकले. फुलबाजारात दुसऱ्याचा झेंडू घ्यायचा झाला की तुम्ही टोपलीच्या तळापर्यंत हात घालायचात. वरची फुलं सगळेच टवटवीत लावतात, म्हणायचात. ह्यांनी तिकिटं काढली आणि मला म्हणाले, "तू एकदाच तिला तोंडावर विचार, तो अर्ज का केला म्हणून. मला नाही जमणार." तेवढ्यासाठी मी गाडीत बसले.

तो अर्ज तुम्ही विसरला नसाल. ह्यांचं प्रमोशन ठरलं होतं, नागपूरला. माझी निम्मी भांडी पोत्यात भरून झाली होती. तेवढ्यात ऑफिसात निनावी अर्ज आला की हे सरकारी खुर्ची घरी नेऊन वापरतात. खुर्ची लिलावात घेतलेली, पावती सापडली म्हणून नोकरी वाचली. पण प्रमोशन गेलं ते गेलंच, वर कळवणला बदली. चौकशीत साहेबांनी पाकीट ह्यांच्यापुढं ठेवलं. आतला कागद टाइप केलेला, पण पाकिटावरचा पत्ता हातानं लिहिलेला. ते गोलगोल अक्षर ह्यांनी बघताक्षणी ओळखलं. शेजारच्या टेबलावरचं, शेजारच्या घरातलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत होतात. म्हणालात, "घरातली खुर्ची शेजाऱ्याबिगर कुणाला दिसती? माणूस लय गोड बोलाया लागला की समजायचं, पाणी मुरतंय." दुसऱ्या दिवशी ती खिरीची वाटी घेऊन आली. मी दार उघडलं नाही. वर्षाच्या आत तिच्या मिस्टरांनी नोकरी सोडली आणि तिच्या भावाच्या धंद्यात जबलपूरला गेले. जाताना निरोप घ्यायला आले, तेव्हाही मी आतून कडी लावून बसले होते.

आता जबलपूरच्या घरात ती मला मिठी मारते आणि रडते. केस पांढरे, गुडघे गेलेले, बोलण्यात निम्मं हिंदी. कूलरची खोली आम्हाला दिली आणि स्वतः दोघं बाहेरच्या खोलीत उकडत झोपतात. हे सगळं बघून माझा जीव काही भांड्यात पडला नाही, उलट संशय वाढतच गेला. विम्याचे एजंट असतील का? मुलीला नाशकात कुठं चिकटवायचंय का? ती अंघोळीला गेली की मी टेबलावरचे कागद चाळायचे, खरंच सांगते. लाइटबिल, औषधांच्या चिठ्ठ्या, एक जुना फोटो, आम्ही चौघं घोटीच्या बाजारात तांदूळ घेताना. काही सापडेना, तसा माझा चिडचिडाट व्हायला लागला. इतकी स्वच्छ टोपली असूच शकत नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी नर्मदेवर गेली. आम्ही दोघी साखरांब्यासाठी कैऱ्या किसत बसलो होतो. मी विचारलंच. "खरं सांग, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं? तो अर्ज का केलात?"

तिनं किसणी खाली ठेवली. "तुला अजून माहीतच नाही? मला वाटलं, आबांनी जाताना सांगितलं असेल."

मग तिनं सांगितलं. तुम्ही एका दुपारी तिच्याकडं गेलात. गावातल्या कुणाच्या तरी पेन्शनचं काम आहे म्हणालात, पाकीट पुढं केलंत आणि म्हणालात, तुमच्या मोठ्या साहेबाचा पत्ता लिहून द्या, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिच्या मिस्टरांनी दिला लिहून. महिन्याभरानं ऑफिसात तेच पाकीट निघालं. ते तडक मखमलाबादला तुमच्या मळ्यात आले, तुम्हाला विचारलं. तुम्ही हात जोडलेत. "नागपूर लय लांब हाय, साहेब. एकुलती एक पोर. तिची आई नाय. मी कुणाकडं बघू?"

"मग तुझ्या मिस्टरांनी तोंड का नाही उघडलं?" मी ओरडलेच जवळजवळ.

"अगं, बोलले असते तर भाऊजींनी आबांना परत उंबरा चढू दिला असता? तुझं माहेर तुटलं असतं. हे म्हणाले, आपण काय, शेजारी. आज ना उद्या जाणारच. आणि आता ह्यांचं बायपास झाल्यापासून मलाच राहवेना. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. आम्ही नाही बोलणार."

आधी मी तिलाच खोटं ठरवलं. मेलेल्या माणसावर ढकलायला काय जातं? पण मग मला कळवणचे ते दिवस आठवायला लागले. हे सोमवारी पहाटेची एसटी धरायचे, शनिवारी यायचे, आणि मी पोरांना घेऊन नाशकातच. दर रविवारी तुम्ही मेथीची जुडी आणि गुलाबाची फुलं घेऊन हजर. "झालं ते बरं झालं, पोरी, कळवण जवळ हाय," म्हणायचात आणि चेहरा कसा फुललेला असायचा तुमचा! मला वाटायचं, बापाचं काळीज, माझं दुःख हलकं करतोय. आमच्या घरात येऊन बसणारी माणसं दोनच घरची होती, आबा. मी एकच घर मोजलं. राग आला तुमचा, इतका की त्या साखरांब्यात साखर पडली की मीठ ते मला कळलं नाही.

परतताना इटारसीला गाडी थांबली. ह्यांनी दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "बोलली का काही? त्यांनीच केला होता ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "माफ केलं आपण. पण परत नको जायला." तेव्हापासून तिचा फोन आला की हे उठून गच्चीत जातात. परवा तिनं विचारलं, "भाऊजींना सांगितलंस? रागावले का आबांवर?" मी म्हटलं, सांगितलं, त्यांनी काही मनावर घेतलं नाही. ती बिचारी फोनवर रडली, म्हणाली, बघ, मी उगाच सव्वीस वर्षं घाबरत होते. दिवाळीला येणार आहेत दोघं.

हे पत्र खरं तर ह्यांना वाचायला द्यायचं म्हणून लिहायला घेतलं. तोंडानं सांगवत नाही म्हणून. आत्ताच ते दारात आले, चष्मा पुसत म्हणाले, "सकाळपासून काय लिहिते आहेस एवढं?"

वाणसामानाची यादी, म्हणाले मी.