तुझी दोन वर्षं

बदलापूर,
२० मे १९९४

प्रिय चांगो,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इतक्या बारीक अक्षरात रडगाणं लिहिलंस की वाचता वाचता माझे डोळे दुखले. घरी सगळं ठीक आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, बाबा पावसाआधी कुडाच्या भिंती नीट करतायत, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, "माजा चांगो ममईला कंपनीत बॉल खेलतो." बॉल खेळण्याचा पगार मिळतो यावर पाड्यात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

तू लिहिलंस, एक जूनला एकवीस पूर्ण होतात, म्हणजे ज्युनियर संघातून बाहेर. मोठ्या संघातही घेणार नाहीत. कोच म्हणाले, पाय चांगले आहेत, पण एकविशीतही अंगात भर नाही तर आता काय भरणार. म्हणून तू सामान बांधून येणार आणि अंबरनाथला एखाद्या कारखान्यात लागणार. हे वाचल्यापासून मी सुट्टीत शिकवणीला येणाऱ्या पोरांवर उगाच खेकसतेय.

तुझं किरकोळ असणं हा आपल्या घरचा जुना विषय. हायस्कूलात तू वर्गात सगळ्यात बुटका. अंबरनाथला फॅक्टरीच्या मैदानावर मी पहिल्यांदा तुझी मॅच बघायला आले, तेव्हा समोरचा बॅक तुझ्या दुप्पट होता. त्याने तुला चारदा आडवा केला. पाचव्यांदा तू त्याच्या पायांमधून चेंडू काढलास आणि गोल मारलास. ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि घरी येताना मी तुलाच "काडी पैलवान" म्हणून चिडवलं. तू हसलास. मला मात्र तेव्हाही आतून बरं वाटलं नव्हतं.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. १९७९चा जून होता. मी नऊ वर्षांची, चौथीत जाणार होते. तू माझ्या कडेवर असायचास. आई म्हणाली, "पोराला कोन सांभालील? तुजी शाला पुरे आता." मग मीच उपाय काढला, तुलाही शाळेत घालायचं. मूल सहा वर्षांचं झालं का, हे तेव्हा गुरुजी एकाच रीतीने बघायचे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. लहान मुलाचा हात पोचत नाही. मी तुला आठ दिवस अंगणात शिकवलं, मान कशी वाकडी करायची, खांदा कसा उचलायचा. जमलं की गुळाचा खडा. गुरुजींपुढे तू बरोबर कान धरलास. त्यांनाही पट भरायचा होता. सगळ्यांची लिहायचे तशी त्यांनी तुझीही तारीख एक जून लिहिली, आणि वर्ष मी सांगितलं ते. माझी शाळा वाचली. आज मी शाळेत बाई म्हणून खुर्चीवर बसते ती त्यामुळेच.

पुढे वय जास्त म्हणून शाळेच्या संघातून तुला दोनदा काढलं, तेव्हा मी गप्प राहिले. तुझ्या मनातून उतरेन याची भीती वाटली. याला दुसरं कारण नाही.

काल ग्रामपंचायतीत जाऊन मी जुनं जन्माचं रजिस्टर काढायला लावलं. बाबांनी नोंद केली होती. तुझा जन्म ऑगस्ट १९७५चा आहे. दाखल्याची नक्कल सोबत पाठवते आहे. तू अठरा वर्षांचा आहेस चांगो, आणि आजवर प्रत्येक मैदानात आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोरांशी खेळत आलास. तुझ्या अंगात भर नाही कारण तिची वेळच अजून आलेली नाही. रविवारी मी स्वतः येते. लबाडी माझी होती, कोचना तोंडावर मीच सांगेन. ते काय करतील ते माझ्या हातात नाही. तोवर सामान बांधू नकोस. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
नवसीताई