मोहाची फुलं ऑगस्टमध्ये पडत नाहीत

प्रिय बाबा,

काल तुमच्या शाळेत तुमची शोकसभा होती. मलाही बोलायला लावलं, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. ते तुमच्याखेरीज कुणाला सांगू?

टोकरखाड्याच्या शाळेच्या क्वार्टरमधलं ते टेबल आठवतंय. कोकणातून इतिहास शिकवायला सिल्वासाला आलात आणि इथलेच झालात. संध्याकाळी बाह्या दुमडून तुम्ही इथल्या इतिहासाचं पुस्तक लिहायचात, मी समोर बसून शुद्धलेखन तपासायची. दोघांचाही चहा गार व्हायचा. किती सुखाचे दिवस होते ते!

पुस्तकाचं पहिलं प्रकरण एका जुन्या युरोपीय प्रवाशाच्या वर्णनावर उभं होतं. ऑगस्टमध्ये आपण दमणगंगा पायी ओलांडली आणि पलीकडच्या रानात बायकांना मोहाची फुलं वेचताना पाहिलं, असं त्याने लिहिलं होतं. माणसाने डोळ्यांनी पाहिलंय, मंजू, असं तुम्ही कौतुकाने सांगायचात.

ते प्रकरण तुम्ही स्टाफरूममध्ये वाचून दाखवलंत. शाळेतल्या शिपाई जमनाबाई कप गोळा करत होत्या. त्या थांबल्या.

"सर, मोह होळीच्या टायमाला पडतो. आन ऑगस्टात ती नदी पायी कोण उतरंल? हा माणूस आलाच नव्हता."

त्या दिवशी तुम्ही नीट जेवला नाहीत. मी तर चिडलेच. त्यांना इतिहासातलं काय कळतं, असंही बोलून गेले. त्याची अजून लाज वाटते. तुम्ही मात्र रविवारी सामरवरणीला त्यांच्या घरी गेलात आणि त्यांच्या सासूबाईंना रानाबद्दल, नदीबद्दल विचारत दिवसभर बसलात. परत आल्यावर ते प्रकरण बाजूला काढलंत आणि नवं त्या म्हातारीच्या सांगण्यापासून सुरू केलंत. प्रवाशाने दमणच्या बंदरात बसून ऐकीव लिहिलं असणार, म्हणालात.

मग पाहिलं असं का लिहिलं, मी विचारलं. तुम्ही पेन खाली ठेवून म्हणालात,

"आपण तिथे असायला हवं होतं, असं वाटलं असेल त्याला."

बाबा, काल मी सांगितलं की शेवटी मी तुमचा हात धरून बसले होते आणि तुम्ही माझं नाव घेतलंत. मी तर पुण्यात होते. ऑफिसचं काम उरकून निघू म्हटलं, आणि पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. हॉस्पिटलमध्ये तुमच्याजवळ जमनाबाई होत्या.

काल त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्या प्रवाशाला सगळ्यांसमोर खोटं ठरवणारी बाई मला एक शब्द बोलली नाही! तुम्हीही गप्प राहिला असतात का? की मला तिथेच थांबवलं असतंत?

तुम्ही शेवटी काय बोललात, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. त्यात माझं नाव नसेल, याची भीती वाटायची.

या रविवारी मी सामरवरणीला जाईन. आधी खोटं कबूल करीन, मग विचारीन. त्या सांगतील ते जसंच्या तसं लिहून शाळेला पाठवीन, त्यात माझं नाव असो वा नसो. पहिलं वाक्य ठरलंय: मी तिथे नव्हते; पुढचं सगळं जमनाबाईंनी पाहिलेलं आहे.

तुमचीच,
मंजू