नभकर्ण कुणी नेला?

३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? गोळी घेतेस ना वेळेवर? मेहुण्यांचा गुडघा कसा आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? आणि नातीचे पुढचे दात आले, की अजून फोटोत ओठ मिटूनच उभी राहते? तुझी वहिनी ठणठणीत आहे. माझ्यावर ओरडताना तिला जराही दम लागत नाही, यावरून काय ते ओळख.

ओरडण्याचं कारण असं, की घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केलं, तरी मी आता जेवणाच्या टेबलावरच दुकान मांडलंय. तो जुना आकाशयानाचा सिनेमा आठवतो ना? तू कशी विसरशील म्हणा, मेहुणेच त्यात प्रॉपर्टी विभागात होते, पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू बनवायच्या कामावर. त्यातला कप्तान ताऱ्यांचं बोलणं ऐकायला जे यंत्र दोन्ही हातांनी कानाशी नेतो, तो ‘नभकर्ण’ मी हुबेहूब बनवतोय. नवा पत्रा कापायचा नाही, मूळ वस्तूत होते तसलेच जुने भाग शोधायचे, असा आमच्या छंदी मंडळाचा दंडक आहे. कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशचा काळा दांडा, बॉयलरवरची दाब दाखवणारी तबकडी, शिलाईच्या हातमशीनचं चाक, सायकलच्या दिव्याची वाटी. सगळं भंगारवाल्यांचे आणि कॅमेरावाल्यांचे उंबरे झिजवून जमवलंय. मार्चअखेर जुन्या थिएटरात प्रदर्शन आहे.

एकच अडलंय. तबकडीखाली एक पांढरं बटण दिसतं, ते कशाचं असेल, हे मेहुण्यांना विचारशील? मीच विचारलं असतं, पण मागे एका लग्नात सिनेमाचं नाव काढलं तर ते हात धुवायला म्हणून उठले ते आलेच नाहीत. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. काय बिनसलं होतं गं त्या सिनेमाच्या वेळी?

लोभ आहे तेवढा राहू दे, थोडा वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझा
दादा

---

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत. नातीला एक दात आलाय आणि तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. ह्यांचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो.

बटणाचं मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. दादा, हे काम तू आत्ताच्या आत्ता थांबव. घरात कुणालाच कधी सांगितलं नाही, आज तुला सांगते. शूटिंग संपलं आणि नभकर्ण नाहीसा झाला. स्टुडिओच्या मॅनेजरने ह्यांच्यावर आळ घेतला. पुरावा काही नव्हता, पण त्यानंतर ह्यांना कुठल्याच स्टुडिओने दारात उभं केलं नाही. मग खुर्च्या विणायच्या कारखान्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत. मला एवढंच म्हणाले होते की चोरी झालेली नाही. त्यापुढे तोंडाला कुलूप. माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी मात्र आजही कुणाला हात लावू देत नाहीत.

आणि आता हे ऐक. परवा एक गृहस्थ आले होते. घरात बसूनही काळा गॉगल काढला नाही. तुमच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणे. चहा घेत घेत गोड बोलून विचारत होता, की साहेबांनी स्टुडिओतून आठवण म्हणून काही आणलं होतं का. नशीब, हे फिरायला गेले होते. ह्याला आमचा पत्ता कुणी दिला?

रागावू नकोस, पण खरं सांग, दादा. तू ते यंत्र बनवतोयस, की तुला ते कुठे सापडलंय?

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

---

२० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्ता मीच दिला. त्या गॉगलवाल्याने सहज विचारलं आणि मी शहाण्यासारखा सांगून मोकळा झालो. आमच्या मेहुण्यांनीच मूळ वस्तू बनवली म्हणून जरा छाती फुगवायला गेलो होतो. फुगली, आणि फुटली.

सापडलंय का, असं विचारलंस त्याचा राग आला होता. आता ‘आला होता’ असंच म्हणतो, कारण मधे एक भानगड झाली. दांड्याला भोकं पाडायला घेतली. सिनेमातल्या फोटोवरून मापं काढून खडूने खुणा केल्या, रंग खरवडला, तर खाली भोकं आधीच होती! भोकं बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वर काळा रंग दिलेला. अगदी माझ्या खुणांवर. टेबलाशी बसल्या बसल्या अंगावर काटा आला. हा दांडा मी कॅमेरावाल्याकडून घेतला होता, आणि त्याच्याकडे तो एका वारलेल्या फोटोग्राफरच्या घरून आला होता. तो फोटोग्राफर त्याच सिनेमात स्थिरचित्रं काढायला होता.

नेमका तेव्हाच गॉगलवाला आला. झाकायच्या आत त्याने पाहिलं आणि टाळीच वाजवली. म्हणाला की हा बनवलेला नाही, हा अस्सल आहे, उद्घाटनाला जाहीर करू की चोरीला गेलेला नभकर्ण सापडला. बाकीचे भाग मी कुठून कसे आणले ते त्याच्यापुढे घसा फोडून सांगितलं. तो आपला हसतोय. म्हणे, घरातल्या माणसाला पाठीशी घालणं समजू शकतो.

धाकटे, तुझ्यापासून काय लपवू? मलाही शंका येते आहे. मेहुण्यांनी यंत्र उचललं, मोडलं आणि दांडा त्या फोटोग्राफरला विकला, असं तर नाही? माणूस भला आहे, माझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसला होता, हे आठवतं आणि माझीच मला लाज वाटते. पण भोकं काही खोटं बोलत नाहीत. त्या पेटीत काय आहे, ते एकदा कळायला हवं. त्यांना न कळता बघता आलं तर बघ.

दादाला दूर लोटू नकोस.

तुझा
दादा

---

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग स्टूल घेऊन माळ्याशी गेले आणि पेटी ओढली. ती हातातून सुटली, आणि त्या आवाजाने हे आले. मी पुरती चोरासारखी उभी.  ह्यांनी पेटी उचलली, पलंगावर ठेवली आणि स्वतःच उघडली. आत गिरमिट, कानस, लांबी भरायची पट्टी, रंगाचे वाळलेले ब्रश. कामाची हत्यारं, बाकी काही नाही.

मग मी तुझं पत्रच त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून सावकाश वाचलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ते म्हणाले, दादांनी खुणा अगदी बरोबर केल्या म्हणायच्या.

तर झालं होतं असं. सिनेमाला पैसा कमी, म्हणून नभकर्णासाठी ह्यांनी लोकांकडून वस्तू मागून आणल्या. फोटोग्राफरचा जादा फ्लॅश, बॉयलर सांभाळणाऱ्याची तबकडी, कपडे शिवणाऱ्या बाईच्या मशीनचं चाक. शूटिंग संपेपर्यंत बाई हातानेच टाके घालत होत्या. काम झालं की प्रत्येकाची वस्तू होती तशी परत, असा ह्यांनी शब्द दिला होता. शेवटच्या दिवशी ह्यांनी नभकर्ण उलगडला, भोकं बुजवली, रंग दिला आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी कळलं, की मॅनेजरने तो कुणा बड्या माणसाला भेट द्यायचं कबूल केलंय. खरं सांगितलं असतं तर मॅनेजरने त्या गरिबांच्या वस्तू ओढून नेल्या असत्या. म्हणून हे गप्प बसले.

मी म्हटलं, तेव्हाचं समजलं, पण नंतर? मला तरी सांगायचं! तर म्हणाले, की मॅनेजरने विचारलं ते चोर ठरवून. बाकी कुणी विचारलंच नाही. तूही नाही. सगळी माझ्यासमोर दबक्या पावलांनी वावरत राहिलात, तेव्हाच कळलं की तुम्हालाही तेच वाटतंय.

दादा, मी तर त्यांना दुखवायचं नाही म्हणून विचारत नव्हते रे.

आता उद्घाटनाला त्या माणसाने तोंड उघडलं तर हे पुन्हा चोर ठरतील, आणि ह्या वेळी नातीच्या देखत. काहीतरी कर.

तुझी
धाकटी

---

१४ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं तसा कोट चढवून निघालो. फोटोग्राफर गेला, बॉयलरवाल्याचा पत्ता नाही, पण कपडेवाल्या बाई लेकीकडे सापडल्या. ऐकू कमी येतं, बाकी तल्लख. हातमशीन खिडकीत, अजून चालू. परवानगी घेऊन चाकाचा रंग नखाने खरवडला. फोटोतल्या स्क्रूच्याच जागी लांबी भरलेलं भोक! बाई म्हणाल्या की मेहुण्यांनी चाक स्वतः आणून बसवलं, तेल घातलं आणि शिवून बघा म्हणून समोर उभे राहिले. चोरीची गोष्ट त्यांच्या कानावर कधी आलीच नव्हती. ऐकल्यावर मॅनेजरला त्यांनी जी नावं ठेवली ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत.

गॉगलवाल्याला तिथेच बोलावून घेतलं. आधी तोही संशयाने बाईंकडे पाहत होता, जणू आम्ही दोघांनी मिळून भोक पाडलंय. मग चाकावर फोटो धरून पाहिला, दांडा पाहिला, आणि पहिल्यांदा गॉगल काढला. डोळे चांगले आहेत बिचाऱ्याचे, उगाच झाकतो. आता म्हणतो, ‘सापडला’ असं कुणीही म्हणणार नाही. बाई उद्घाटनाला मशीनसकट येणार आहेत आणि सगळ्यांसमोर सांगणार आहेत.

माझ्या यंत्राखाली पाटी लावायची आहे. मी मजकूर केलाय, की मूळ नभकर्ण चोरीला गेला नाही, तो ज्यांचा होता त्यांना परत मिळाला. खाली बनवणारा म्हणून मेहुण्यांचं नाव. पण रंगाऱ्याकडे अजून दिलेली नाही. इतकी वर्षं त्यांच्याविषयी आपण सगळं परस्परच ठरवत आलो. तेव्हा त्यांच्यासमोर बस आणि सरळ विचार, की नाव घातलेलं चालेल का, आणि ते येतील का. नाही म्हणाले तर नाही. मनातलं काही तू भरू नकोस, ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिही.

रंगारी थांबलाय, आणि त्याच्याहून जास्त मी. उलट टपाली लिही.

तुझा
दादा