डाव्या हाताच्या बाह्या

३ फेब्रुवारी

ती. मामांस, काडीचा सा. न. आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र खुशालीचं आहे. शिवणखान्याची देखरेख आणि किल्ल्या माझ्याकडे येणार, हे मागे कळवलं होतं; त्या आता आल्या. तेव्हा तुम्ही लिहिलं होतं की ख्रिस्ताचा स्वभाव ठेवणीतल्या कपड्यासारखा कपाटात ठेवू नकोस, रोज अंगात घाल. या आठवड्यात ती संधी आली. आमच्या कापणाऱ्या मास्तरांनी वीस कोटांच्या चाळीस बाह्या कापल्या, त्या सगळ्या डाव्या हाताच्या. उजवी औषधालाही नाही. मशिनवरच्या बारा जणी हसून लोटपोट.

मास्तरांच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत, त्यामुळे कारण उघडच होतं. तरी मी आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी त्यांना माफ केल्याचं सांगितलं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेऊन त्यांच्या नजरेसाठी विनंतीही केली. मास्तर कात्री पुसून घरी गेले, ते अजून आलेले नाहीत. मालकीणबाई म्हणतात, महिनाअखेरीस त्यांना कायमचं घरी बसवू. वाईट वाटतं. पण माझ्या मनात राग नाही, याचं समाधान आहे.

मामींना सलाम. लोभ आहे तो आटू देऊ नये.
आपली, काडी

९ फेब्रुवारी

चि. काडीस, मामाचे अ. आ.

पत्र मामीने वाचून दाखवलं. मी एका घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. मामीचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते, एकूण सगळं रीतसर चालू आहे.

पोरी, तू काय केलंस ते पत्रात सविस्तर आहे. मास्तर काय म्हणाले, ते एका अक्षरानेही नाही. हे कसं झालं, म्हणून विचारलंस का त्यांना? मी शाळेत फारसा गेलो नाही, पण शुभवर्तमान वाचून वाचून त्याची पानं सुटी केलीत. न केलेल्या गोष्टीचा आळ आला तरी प्रभू गप्प उभा राहिला, हे त्यात आहे. तुमच्या शिवणखान्यात त्या दिवशी गप्प कोण राहिलं, सांग बघू?

माझं चुकत असेल तर खुशाल कान धर. पण घड्याळ मागे पडलं तर मी आधी ते उघडून बघतो, मग बोलतो. तूही ते कापड एकदा बघ.

तुझा, मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

बघितलं. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची बाही काढली. खुणा तिच्यावरच करतात आणि खालचे थर तिच्याबरोबर कापले जातात. मास्तर साबणाच्या चिपेने आखतात. या बाहीवर निळा खडू आहे, आणि तो माझ्याशिवाय कुणी वापरत नाही. आदल्या दुपारी ते डॉक्टरांकडे गेले म्हणून आखणी मीच उरकली होती. कोटाचं पुढचं-मागचं आखल्याचं आठवत होतं. बाह्या त्यांनीच आखल्या, असं माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्या बाहीसाठी पुठ्ठ्याचा नमुना उलटून ठेवायचा असतो, तो मी न उलटताच ठेवला. ते बिचारे माझ्या रेषेवरून कात्री चालवत गेले.

मामा, माझ्या चुकीची मी त्यांना माफी दिली. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालंय. त्यांच्या घरी गुपचूप जाऊन हात जोडून येऊ का? मालकीणबाईंना कळलं तर किल्ल्या जातील. दोनच आठवडे झालेत हो.

आपली, काडी

१७ फेब्रुवारी

चि. काडीस अ. आ.

घरी जाऊन तुझं मन हलकं होईल, पण त्यांचे डोळे लोकांच्या लेखी अधूच राहतील. माफी बारा जणींपुढे दिलीस, ती मागायचीही त्यांच्यापुढेच. मालकीणबाईंना मात्र आधी सांग.

तुझी भीती मला कळते. मामीच्या भावाने माझी एक स्प्रिंग हरवली, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. ती माझ्याच सदऱ्याच्या घडीत निघाली. हे त्याला सांगायला मला नऊ वर्षं लागली. तोवर तो आमच्याकडे जेवायला बसायचा, पण पोटभर जेवायचा नाही. तू नऊ दिवसही लावू नकोस. जे होईल ते कळव. आम्ही दोघं तुझ्यासाठी गुडघे टेकतोय, मामी तर दुखऱ्या गुडघ्याने.

मामा

२२ फेब्रुवारी

ती. मामा-मामींस सा. न.

मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि किल्ल्या मागितल्या. तूर्त, म्हणाल्या. मास्तरांना निरोपही त्यांनीच धाडला.

ते आले तेव्हा मी मशिनी थांबवायला सांगितल्या, ती बाही वर धरली आणि सगळं बोलले. कुणी हसलं नाही. मास्तर दारातच उभे होते. म्हणाले, "खडू मी त्याच दिवशी पाहिला होता, मुली."

मग बोलला का नाहीत, असं विचारलं. तर म्हणाले की नव्या किल्लीवालीला पहिल्याच आठवड्यात या बाया हसल्या असत्या, तर त्यांनी तिचं पुन्हा ऐकलं नसतं. "दोन दिवसांनी तुला एकटीला गाठून सांगणार होतो. पण देवापुढे माझ्या डोळ्यांचं उणं काढलंस, ते जिव्हारी लागलं. मग पाय उचलेना."

उजव्या वीस बाह्या राहिल्या होत्या. त्यांनी कापड अंथरलं, मी दुसरी बाजू ताणून धरली आणि संध्याकाळपर्यंत काम चाललं. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उद्या सकाळी आठला ये, एवढंच म्हणाले.

कानउघाडणीसकट लोभ राहू द्यावा.
आपली, काडी